कंपनी बुडाली तर? — एका अनामत रकमेचा अभ्यास

हा लेख माझ्या आजोबांच्या एका प्रश्नामुळे लिहिला गेला. प्रश्न चार शब्दांचा होता. उत्तर शोधायला मला दोन महिने लागले.

मागच्या दिवाळीत मी गावी, सोनाळ्याला गेले होते. बुलडाणा जिल्ह्यातल्या संग्रामपूर तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी आमचं गाव आहे. सोनाजी महाराजांच्या यात्रेमुळे आजूबाजूच्या गावांना ते चांगलं माहीत आहे. कापूस वेचणीचे दिवस होते. संध्याकाळी बाबांच्या ओळखीचे एक विमा एजंट घरी आले. एका खासगी आयुर्विमा कंपनीची बचतीची पॉलिसी होती. वर्षाला २४ हजार, १५ वर्षं भरायचे. म्हणजे एकूण ३ लाख ६० हजार रुपये. धाकट्या भावाच्या शिक्षणासाठी बाबांचं जवळजवळ ठरलंच होतं. फॉर्मही भरून झाला होता, फक्त सही राहिली होती.

आजोबा ओट्यावर सुपारी कातरत बसले होते. त्यांनी अडकित्ता खाली ठेवला आणि विचारलं, "अन् कंपनीच बुडाली त?"

एजंटकाका हसले. म्हणाले, "आजोबा, काळजीच करू नका. कायद्यानं प्रत्येक विमा कंपनीचा पैसा रिझर्व्ह बँकेत डिपॉझिट ठेवलेला असते. उद्या कंपनी बुडाली तरी तुमचा पैसा तिथून भेटते."

आजोबा माझ्याकडे वळले. "काहो इंजिनेरबाई, खरं हाय का हे?"

मी सिव्हिलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. बीमचा बेंडिंग मोमेंट विचारला असता तर सांगितला असता. हे मात्र मला माहीत नव्हतं. मी गप्प बसले आणि बाबांनी सही पुढे ढकलली.

आजोबांच्या या प्रश्नाला कारण आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी त्यांनी बैलजोडी आणि थोडा कापूस विकून आलेले ८० हजार रुपये एका पतसंस्थेत ठेवले होते. पतसंस्था बंद पडली. कित्येक खेटे घातल्यावर त्यांच्या हातात ११ हजार आले. ते पासबुक त्यांनी अजून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवलंय. त्यामुळे "काळजी करू नका" असं कुणी म्हटलं की त्यांना जास्तच काळजी वाटते.

आधी शब्द समजून घेऊ

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. मला 'डिपॉझिट' हा एकच शब्द माहीत होता. बँकेतलं तेही डिपॉझिट, हॉस्टेलचं तेही डिपॉझिट. आजोबांकडे मात्र या एका शब्दासाठी तीन शब्द निघाले. त्यांनी ते असे समजावले: "ठेव म्हंजे आपन ठेवतो, व्याज भेटते. तारन म्हंजे सोनं ठेवून कर्ज काहाडतो ते. अन् अनामत म्हंजे निवडनुकीत भरतात ते. नीट नाही वागलं त जप्त."

विमा कंपनी रिझर्व्ह बँकेकडे जे ठेवत असे, ते यातलं तिसरं, म्हणजे अनामत. ग्राहकांचा पैसा तिथे 'जमा' होता असं नाही. धंदा करायची परवानगी हवी असेल तर कंपनीने स्वतःचा काही पैसा स्वतःच्या हाताबाहेर ठेवायचा, असा तो नियम होता.

आपल्या सिव्हिलवाल्यांना हे पटकन कळेल. टेंडर भरताना कंत्राटदार बयाणा रक्कम भरतो आणि काम मिळाल्यावर सुरक्षा अनामत ठेवतो. पण पूल पडला तर त्या अनामतीतून नवा पूल बांधून होतो का? होत नाही. अनामतीमुळे फालतू कंत्राटदार दारातच अडतात आणि आत आलेल्याचा थोडा पैसा अडकून राहतो. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढचा सगळा लेख याच्याभोवती आहे.

अनामतीची सुरुवात कुठून झाली?

एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये विमा कंपनी काढणं फार सोपं होतं. आयुर्विम्याच्या धंद्यात हप्ते आज येतात आणि मोठी देणी वीस-तीस वर्षांनी येतात. त्यामुळे सुरुवातीची बरीच वर्षं कंपनीकडे पैसाच पैसा दिसतो आणि आतून पोखरलेली कंपनीसुद्धा बाहेरून धडधाकट वाटते. १८६९ मध्ये तिथली अल्बर्ट ही आयुर्विमा कंपनी बुडाली आणि तिच्या मागोमाग युरोपियन नावाची कंपनीही गेली. अल्बर्टच्या धक्क्यानंतर ब्रिटिश संसदेने १८७० मध्ये कायदा केला. नव्या आयुर्विमा कंपनीने आधी २० हजार पौंड कोर्टात जमा करायचे आणि मगच काम सुरू करायचं. कंपनीचा विमा निधी ४० हजार पौंडांवर गेला की अनामत परत मिळायची.

याच काळात आपल्या मुंबईतही आयुर्विमा रुजत होता. १८७० मध्ये बॉम्बे म्युच्युअल ही संस्था निघाली आणि तिने भारतीय माणसाचा विमा नेहमीच्या दराने उतरवला. त्याआधी परदेशी कंपन्या भारतीयांकडून जादा हप्ता घेत असत. १८७४ मध्ये मुंबईतच दुसरी एक कंपनी सुरू झाली. तिचं नाव होतं 'ओरिएंटल गव्हर्नमेंट सिक्युरिटी लाइफ अॅश्युरन्स कंपनी'. एवढं लांबलचक नाव का, असा मला प्रश्न पडला होता. पण अल्बर्ट-युरोपियनच्या बातम्या ताज्या असताना लोकांना काय ऐकायचं असेल याचा विचार केला, की 'गव्हर्नमेंट सिक्युरिटी', म्हणजे सरकारी रोखे, हे शब्द नावातच का घातले ते कळतं. आमच्या ओट्यावर आजोबांनी विचारलेला प्रश्न दीडशे वर्षांपूर्वी मुंबईच्या गिऱ्हाइकांच्याही मनात असणार!

भारतात कायद्याने अनामत आली ती १९१२ मध्ये. त्या वर्षीच्या आयुर्विमा कंपन्यांच्या कायद्याने सुरुवातीला २५ हजार रुपये आणि मग भर घालत घालत २ लाखांपर्यंत रक्कम सरकारकडे ठेवायला सांगितली. साताऱ्याला अण्णासाहेब चिरमुले यांनी वेस्टर्न इंडिया ही आयुर्विमा कंपनी १९१३ मध्ये काढली, म्हणजे हा कायदा आल्यावर वर्षभराने. साताऱ्यासारख्या गावातून कंपनी उभी करणाऱ्यांना त्या काळात २५ हजार ही रक्कम किती मोठी वाटली असेल, याची कल्पना करा. दारावरची कडी म्हणून ती चांगलीच घट्ट होती.

१९३८ चा कायदा: अनामतीवर हात कुणाचा?

पुढे १९३८ चा विमा कायदा आला. तो १ जुलै १९३९ पासून लागू झाला आणि अनेक दुरुस्त्यांसह आजही तोच मूळ कायदा आहे. त्याच्या कलम ७ ने अनामत रिझर्व्ह बँकेकडे ठेवायला सांगितली. फक्त आयुर्विमा करणाऱ्या कंपनीला २ लाख रुपये. ती रोख ठेवता येई किंवा मान्यताप्राप्त रोख्यांत. रोखे ठेवले तर त्यांवरचं व्याज कंपनीलाच मिळे. म्हणजे मालकी कंपनीची, ताबा मात्र रिझर्व्ह बँकेचा.

मला सगळ्यात आवडलं ते कलम ८. ते असं सांगत होतं की ही अनामत कुणाकडे तारण ठेवता येणार नाही आणि पॉलिसीवरची देणी शिल्लक असेपर्यंत दुसऱ्या कोणत्याही देण्यासाठी वापरता येणार नाही. समजा कंपनीने ऑफिसचं भाडं थकवलं आणि घरमालक कोर्टात जिंकला, तरी त्याला या पैशाला हात लावता येणार नाही. जप्ती आणायचा हक्क फक्त पॉलिसीधारकाला. तोसुद्धा त्याला आपलं येणं दुसऱ्या कुठल्याही मार्गाने वसूल करता आलं नाही तरच. शिवाय आयुर्विम्यासाठी ठेवलेली अनामत फक्त आयुर्विम्याच्याच पॉलिसीधारकांची. आगीच्या विम्याचे दावे त्यातून भागवता येणार नाहीत.

म्हणजे एजंटकाका जे म्हणाले ते अगदीच हवेतलं नव्हतं. अशी अनामत खरंच होती आणि ती खरंच पॉलिसीधारकांसाठी राखलेली होती. मी खुश होऊन आजोबांना फोन करणार होते. मग पुढचं वाचलं.

२ लाख आणि २ कोटी २० लाख

१९ जानेवारी १९५६ ला सरकारने एका वटहुकुमाने आयुर्विम्याचा सगळा कारभार ताब्यात घेतला. त्या रात्री रेडिओवरून ही घोषणा करणारे अर्थमंत्री म्हणजे आपले चिंतामणराव देशमुख, महाडजवळच्या नाते गावचे. मला यातला योगायोग गमतीचा वाटतो. १९४३ ते १९४९ या काळात तेच रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर होते, म्हणजे विमा कंपन्यांच्या अनामती ज्या बँकेत होत्या तिचे प्रमुख. अनामतीने काय होतं आणि काय होत नाही, हे त्यांच्याइतकं जवळून कोणी पाहिलं असेल?

त्या भाषणात त्यांनी सांगितलं की मागच्या दहा वर्षांत २५ आयुर्विमा कंपन्या दिवाळ्यात निघाल्या. आणखी २५ कंपन्यांनी आपला पैसा असा उधळला की त्यांचं काम दुसऱ्या कंपन्यांकडे सोपवावं लागलं आणि त्यात पॉलिसीधारकांचं नुकसान झालं. लक्षात घ्या, या काळात अनामतीचा कायदा लागू होता.

सगळ्यात गाजलेलं प्रकरण भारत इन्शुरन्स कंपनीचं. तिचे अध्यक्ष रामकृष्ण दालमिया यांनी कंपनीचे सुमारे २ कोटी २० लाख रुपये शेअर बाजाराच्या सट्ट्यात वापरले. फिरोज गांधींनी डिसेंबर १९५५ मध्ये लोकसभेत हा विषय लावून धरला. पुढे खटला चालला आणि दालमियांना दोन वर्षांची शिक्षा झाली.

आता दोन आकडे शेजारी ठेवा. आयुर्विम्यासाठी कायद्याने मागितलेली अनामत २ लाख. एका माणसाने हलवलेला पैसा २ कोटी २० लाख. म्हणजे ११० पट! जी रक्कम रिझर्व्ह बँकेच्या ताब्यात होती ती सुरक्षितच होती. पण कडी दाराला होती आणि चोर घरातच होता. बाहेरच्या कडीने आतला माणूस अडत नाही.

शेवटी १५४ भारतीय कंपन्या, १६ परदेशी कंपन्या आणि ७५ प्रॉव्हिडंट सोसायट्या अशा एकूण २४५ संस्था एकत्र करून १ सप्टेंबर १९५६ ला एलआयसी स्थापन झाली. एलआयसी कायद्याच्या कलम ३७ प्रमाणे तिच्या पॉलिसीची रक्कम आणि बोनस यांना केंद्र सरकारची हमी आहे. आजोबा एलआयसीला "सरकारी इमा" म्हणतात. त्यांनी कायदा वाचलेला नाही, पण त्यांचं म्हणणं कायद्याला धरून आहे.

१ टक्का, पण १० कोटींपर्यंतच

१९९९ च्या कायद्याने खासगी कंपन्यांना पुन्हा दार उघडलं आणि २००० मध्ये विमा नियामक प्राधिकरण सुरू झालं. आज त्याचं नाव आयआरडीएआय, मुख्यालय हैदराबाद. तेव्हा कलम ७ मध्ये नवे आकडे आले. आयुर्विमा कंपनीने वर्षभराच्या एकूण हप्त्यांच्या १ टक्का अनामत ठेवायची, पण १० कोटींपेक्षा जास्त नाही. सर्वसाधारण विम्याला ३ टक्के, तिथेही कमाल १० कोटी. पुनर्विम्याला २० कोटी.

आपण इंजिनिअरिंगवाले, तेव्हा गणित करून बघू.

कंपनीचे वर्षाचे हप्ते ५० कोटी असतील तर अनामत ५० लाख.
हप्ते १००० कोटी असतील तर अनामत १० कोटी.
हप्ते २०,००० कोटी असतील तरी अनामत १० कोटीच.

शेवटच्या ओळीत १०० रुपयांमागे फक्त ५ पैसे आले. आमच्या घरच्या २४ हजारांच्या हप्त्याला हाच हिशोब लावला तर १२ रुपये होतात. आणि हे फक्त एका वर्षाच्या हप्त्याशी तोललं. कंपनीची खरी देणी तर अनेक वर्षांची साठलेली असतात. त्यांच्याशी तोललं तर हे १२ रुपयेसुद्धा उरत नाहीत. कंपनी जितकी मोठी, तितकी अनामत नावापुरती.

आणि आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. २०१५ च्या विमा कायदा दुरुस्तीने कलम ७ वगळण्यात आलं. म्हणजे एजंटकाका ज्या डिपॉझिटचं सांगत होते, त्याची अट आता कायद्यातच नाही.

मग आता पॉलिसीधारकाला कोण वाचवतं?

हे वाचून मी घाबरलेच. मग वाटलं, अट उगाच काढली नसणार, तिच्या जागी काहीतरी असेल. ते शोधत गेले तेव्हा चार गोष्टी सापडल्या.

पहिली, भांडवल. आयुर्विमा कंपनी सुरू करायला किमान १०० कोटी रुपयांचं भरणा झालेलं भांडवल लागतं. दारावरच्या कडीचं काम आता हे करतं.

दुसरी, वेगळा निधी. कलम १० प्रमाणे आयुर्विम्याचा निधी वेगळा ठेवावा लागतो आणि तो फक्त आयुर्विम्याच्या पॉलिसीधारकांचा आधार असतो.

तिसरी, गुंतवणुकीचे नियम. युलिपसारख्या योजना सोडल्या तर आयुर्विम्याचा निम्मा तरी पैसा सरकारी आणि मान्यताप्राप्त रोख्यांत ठेवावा लागतो. पॉलिसीधारकांचा पैसा देशाबाहेर गुंतवता येत नाही. जुन्या ओरिएंटलने नावात घातलेली गोष्ट आता सगळ्यांच्या नियमात आहे.

चौथी आणि सगळ्यात मोठी, सॉल्व्हन्सी मार्जिन. हे म्हणजे आपल्या फॅक्टर ऑफ सेफ्टीचं भावंड. देणी भागवून वर कंपनीकडे किती मत्ता शिल्लक राहते, हे सतत मोजायचं. नियामकाने सॉल्व्हन्सी रेशो किमान १.५ ठेवायला सांगितलं आहे.

इथे माझी एक चूक झाली ती सांगते, म्हणजे तुमची होणार नाही. १.५ वाचून मला वाटलं की देणी १००० कोटी असतील तर मत्ता १५०० कोटी हवी. तसं नाही. आधी देण्यांच्या आणि जोखमीच्या हिशोबाने 'आवश्यक मार्जिन' काढतात. समजा ते ५० कोटी आलं. त्याच्या दीडपट, म्हणजे ७५ कोटी, कंपनीकडे वरचे शिल्लक हवेत. म्हणजे १००० कोटींच्या देण्यांसमोर १०७५ कोटींची मत्ता. ऐकायला कमी वाटतं. पण देणी काढतानाच अॅक्च्युअरी हात राखून अंदाज धरतात, आपण डिझाइन लोड जास्त धरतो तसं. त्यावर मार्जिन आणि मार्जिनवर पुन्हा दीडपट.

अनामत आणि सॉल्व्हन्सी यांतला फरक मला असा समजला. अनामतीचा आकडा १० कोटींवर येऊन थांबतो, कंपनी कितीही वाढो. सॉल्व्हन्सीचा आकडा कंपनीबरोबर वाढतो. पायाचा आकार इमारतीच्या वजनावरून ठरवायचा असतो हे आपण पहिल्यापासून शिकतो. दहा मजल्यांना आणि एका मजल्याला एकच पाया देणाऱ्याला आपले सर नापास करतील.

मग कंपनी बुडणारच नाही का? असं कुणीच म्हणू शकत नाही. पण आता ती बुडेपर्यंत वाट बघायची नसते. रेशो खाली यायला लागला की नियामक विचारणा करतो आणि गरज पडली तर प्रशासक नेमतो. २०१७ मध्ये सहारा इंडिया लाइफवर प्रशासक नेमला गेला. जून २०२३ मध्ये तिच्या सुमारे २ लाख पॉलिसी एसबीआय लाइफकडे सोपवायचा आदेश निघाला आणि त्याविरुद्ध कंपनी अपील न्यायाधिकरणात गेली. म्हणजे यंत्रणा आहे, पण तिला वेळ लागतो आणि कोर्टकचेऱ्याही होतात, हेही धरून चालावं.

बँक, पतसंस्था आणि विमा कंपनी एकच का?

आमच्या गावात या तिन्हींना लोक एकाच मापाने मोजतात. मोजू नये.

बँकेतल्या ठेवीला ठेव विमा असतो. त्याचा इतिहास आमच्या भागाशी जोडलेला आहे. १९६० मध्ये केरळची पलाई सेंट्रल बँक आणि आमच्या शेजारच्या अकोल्याची लक्ष्मी बँक बुडाली. त्यानंतर सरकारने ठेव विम्याचा कायदा केला आणि १ जानेवारी १९६२ पासून ठेव विमा महामंडळ सुरू झालं. तेव्हा हमी होती दर ठेवीदारामागे १५०० रुपयांची. १९९३ मध्ये ती १ लाख झाली आणि ४ फेब्रुवारी २०२० पासून ५ लाख. इथे प्रत्येक बँक स्वतःची अनामत ठेवून मोकळी होत नाही, सगळ्या बँका हप्ता भरून एक सामायिक निधी उभा करतात. एक बुडाली तर बाकीच्यांनी भरलेल्या पैशातून ठेवीदाराला मिळतं.

सहकारी बँकांना हा विमा लागू आहे, पतसंस्थांना नाही. आजोबांचे ८० हजार ज्या दिवशी पतसंस्थेत गेले, त्या दिवशी त्यांच्यामागे अशी कुठलीच हमी नव्हती. हे त्यांना तेव्हा कुणी सांगितलं नाही. बाहेरच्या पाटीवर मोठ्या अक्षरांत व्याजाचा दर होता, एवढंच त्यांना आठवतं.

आणि खासगी विमा कंपनीच्या पॉलिसीला बँकेसारखी ५ लाखांची हमीही नाही आणि एलआयसीसारखी सरकारी हमीही नाही. तिचा भरवसा आहे तो वर सांगितलेल्या चार गोष्टींवर. तो भरवसा खोटा नाही, पण तो तपासून घ्यावा लागतो.

घरी काय झालं?

संक्रांतीला घरी गेले तेव्हा वहीत सगळं लिहून नेलं होतं. एजंटकाकांनाही बोलावलं. मी १२ रुपयांचं गणित मांडलं तेव्हा बाबा दोनदा म्हणाले, "परत सांग." एजंटकाका रागावतील असं वाटलं होतं. ते रागावले नाहीत. म्हणाले, "आम्हाला ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं तेच सांगतो आम्ही. नंतर बदललं ते कोणी सांगितलंच नाही." त्यांनी माझ्या वहीतून कलमं उतरवून घेतली.

आजोबा म्हणाले, "म्हंजे तो खोटं नव्हता बोलत. जुनं बोलत होता."

मला वाटतं, माझ्या दोन महिन्यांच्या वाचनाचं सार त्यांनी एका वाक्यात सांगितलं.

बाबांनी ती बचतीची पॉलिसी घेतली नाही. त्याऐवजी स्वतःच्या नावावर साधा मुदत विमा घ्यायचं ठरवलं, म्हणजे त्यांना काही झालं तर घराला पैसा मिळावा. त्याचा हप्ता बराच कमी बसतो. उरलेली रक्कम बँकेत ठेवायची आणि ५ लाखांची मर्यादा लक्षात ठेवायची. हे आमच्या घरापुरतं. तुमच्या घरचा हिशोब वेगळा असू शकतो, त्यामुळे आमची नक्कल करा असं मी म्हणणार नाही.

पण जाता जाता तीन गोष्टी सांगते. यांना इंजिनिअरिंगची डिग्री लागत नाही.

एक, कंपनीचा सॉल्व्हन्सी रेशो बघा. प्रत्येक विमा कंपनीला तो दर तीन महिन्यांनी आपल्या वेबसाइटवर जाहीर करावा लागतो. तो १.५ च्या वर आहे का आणि मागच्या दोन-तीन वर्षांत वाढतोय की घसरतोय, हे बघायला दहा मिनिटं लागतात.

दोन, दावे किती निकाली काढले ते बघा. आयआरडीएआयच्या वार्षिक अहवालात कंपनीवार आकडे असतात. गावातली बहुतेक रडगाणी कंपनी बुडाल्याची नसतात, दावा नाकारल्याची असतात. भक्कम कंपनीसुद्धा दावा नाकारू शकते, तेव्हा या दोन गोष्टी वेगवेगळ्या तपासा.

तीन, पॉलिसीचे कागद हातात पडल्यापासून ३० दिवसांच्या आत ती परत करता येते. कागद कपाटात ठेवायच्या आधी त्या ३० दिवसांत एकदा तरी वाचा. घरात कुणाला इंग्रजी जमत नसेल तर तुम्ही वाचून दाखवा.

आपल्यापैकी बरेच जण घरातले पहिले इंजिनिअर होणार आहोत. घरचे आपल्याकडे आशेने बघतात आणि कुठलाही कागद आला की पुढे करतात. त्या वेळी "मला काय माहीत, माझा सब्जेक्ट नाही" असं म्हणणं सोपं असतं. मीही दिवाळीत जवळजवळ तेच केलं होतं. पण ८० हजारांचे ११ हजार झालेल्या माणसाने विचारलेला प्रश्न सिलॅबसबाहेरचा म्हणून सोडता येत नाही.

आता आजोबांनी नवीन प्रश्न दिलाय. "पीक इम्याची कंपनी पैसे कशावरून ठरवते, ते पाहून ये बरं." तेव्हा पुढच्या अंकात, संपादकांनी जागा दिली तर, पुन्हा भेटूच!